मॉरिशसनं वटवाघळांवर बंदूक चालवली, पण लिची वाचली नाही. वऱ्हाडच्या बागायतदारांसाठी एका बेटाचा धडा

जुने शहर, अकोला : पेरू, चिकू, केळी, सीताफळ, आंबा. फळ पिकायला लागलं की बागायतदाराच्या डोक्याला ताप ठरलेलाच. दिवसा पोपट आणि माकडं, रात्री वटवाघळं. सकाळी झाडाखाली अर्धवट खाल्लेली फळं आणि चोथे पडलेले दिसतात. मग कुणी फटाके फोडतो, कुणी झाडाला डबे बांधून वाजवतो, तर कुणी म्हणतो, त्या वडावरची सगळी वाघळं एकदाची मारूनच टाकली पाहिजेत.

हा शेवटचा उपाय एका देशानं खरोखर करून पाहिला आहे. चोरून नाही, सरकारी हुकमानं. बंदुका देऊन, हजारोंच्या संख्येनं वटवाघळं मारली. त्या देशाचं नाव मॉरिशस. त्याचा निकाल काय लागला, तिथल्या तरुण शास्त्रज्ञांनी काय शोधून काढलं आणि त्यातलं आपल्या वावराच्या कामाचं काय आहे, ते समजून घेऊ.

मॉरिशस आपल्याला परकं नाही

मॉरिशस हे हिंदी महासागरातलं बेट. आफ्रिकेच्या पूर्वेला, मादागास्कर बेटाच्याही पलीकडं. आकारानं अकोला जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान. १८३४ पासून इंग्रजांनी तिथं उसाच्या मळ्यात राबायला हिंदुस्थानातून मजूर नेले. त्यात कोकणातली मराठी कुटुंबंही होती. त्यांची नातवंडं-पणतवंडं आज तिथली नागरिक आहेत. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते. २०२३ च्या एप्रिल महिन्यात तिथं छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, त्याला महाराष्ट्राचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस गेले होते. म्हणजे या गोष्टीतला लिचीवाला शेतकरी आपल्यापेक्षा फार वेगळा नाही.

फरक आहे तो जंगलाचा. माणूस येण्याआधी हे बेट झाडांनी झाकलेलं होतं. १६३८ मध्ये डच लोकांनी तिथं वस्ती केली आणि काळ्या लाकडाची आबनूस झाडं तोडून विकायला सुरुवात केली. त्यानंतर फ्रेंच आले, मग इंग्रज आले. उसासाठी बेट मोकळं होत गेलं. आज तिथं चांगल्या प्रतीचं मूळ जंगल दोन टक्केही उरलेलं नाही. उडता न येणारा डोडो पक्षी याच बेटावरचा. माणसाची वस्ती झाल्यापासून शंभर वर्षांच्या आत तो जगातून संपला.

जंगल पेरणारा शेवटचा गडी

बेटावर जनावरं पोहोचणं सोपं नसतं. मॉरिशसवर माणूस येण्याआधी चार पायांचा एकही सस्तन प्राणी नव्हता. वाघ नाही, हरीण नाही, डुक्कर नाही, साधा उंदीरसुद्धा नाही. पिल्लाला दूध पाजणारा प्राणी म्हणजे तिथं फक्त वटवाघूळ, कारण ते समुद्रावरून उडत आलं.

त्या जंगलातल्या झाडांची फळं खाऊन बी लांब नेऊन टाकणारे तेव्हा बरेच जण होते. मोठाली कासवं होती, मोठे पोपट होते, डोडो होता. ते सगळे संपले. या बेटांवर फळखाऊ वटवाघळांच्या तीन जाती होत्या, त्यातली एक एकोणिसाव्या शतकात नाहीशी झाली. राहिल्या दोन. एक मॉरिशसचं काळं वटवाघूळ, दुसरं शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावरचं सोनेरी केसांचं वटवाघूळ. मोठ्या बियांची फळं उचलून लांब नेऊ शकेल असा मूळचा प्राणी मॉरिशसच्या जंगलात आता जवळपास हाच एक उरला आहे.

वटवाघूळ हे काम कसं करतं, ते आपल्या वडाखालीही दिसतं. ते फळ तोडतं आणि बऱ्याचदा तिथं न खाता दुसऱ्या झाडावर घेऊन जातं. फळ चावून रस पितं आणि चोथा थुंकून देतं. बारीक बिया पोटात जातात आणि उडता उडता विष्ठेतून पडतात. मोठी बी तोंडातून खाली पडते. अशा रीतीनं बी आईच्या झाडापासून लांब, मोकळ्या जागी पोहोचते. पक्षी बहुधा फांदीवर बसून विष्ठा टाकतो. वटवाघूळ उडतानाही टाकतं, त्यामुळं उघड्या रानातही बी पडतं. ज्या मोडक्या विहिरीच्या कठड्यावर किंवा पडक्या भिंतीवर कुणीही न लावता उंबर-पिंपळ उगवतो, त्यामागं पक्ष्यांसोबत वटवाघळाचाही हात असतो.

भांडण कसं पेटलं

मॉरिशसमध्ये लिची आणि आंबा ही मोठी पिकं. लिची नोव्हेंबर-डिसेंबरात पिकते, युरोपात निर्यातही होते. बाग नसलेल्या घरांच्या अंगणातसुद्धा लिचीचं किंवा आंब्याचं झाड असतं. जंगल संपत आलेलं, त्यात मूळ झाडांना फळं कमी. वटवाघूळ मग कुठं जाणार? ते बागेत आणि अंगणात आलं. बागायतदार चिडले. अंगणात झाड असलेला प्रत्येक माणूस मतदार असल्यानं पुढाऱ्यांवरही दबाव आला.

तिथं वटवाघळाला कायद्याचं संरक्षण होतं. २०१५ मध्ये नवा कायदा झाला आणि संरक्षित प्राणीही ठराविक संख्येनं मारायला वाट मिळाली. त्याच वर्षाच्या शेवटी पहिली मोठी मोहीम झाली. सुमारे ३१ हजार वटवाघळं मारल्याची नोंद झाली. २०१६ मध्ये पुन्हा मोहीम, त्यात सात हजारांवर मारली. २०१८ मध्ये तिसऱ्यांदा १३ हजार मारण्याचं ठरलं.

मुळात एकूण वटवाघळं किती, यावरच वाद होता. सरकारचा आकडा मोठा होता, शास्त्रज्ञांचा त्याहून बराच कमी. आणि मोहीम अशा काळात झाली, जेव्हा माद्यांच्या अंगाला पिल्लं बिलगलेली असतात. मादी पडली की पिल्लूही जातं. मोजणीत मात्र एकच धरलं जातं.

इथं एक हिशेब समजून घ्यायला हवा. उंदीर वर्षात कितीतरी वेळा विततो. वटवाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. त्यामुळं एकदा संख्या पडली की ती भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. त्यात बेटावर चक्रीवादळं येतात, तेव्हाही मोठी मर होते. जागतिक निसर्ग संरक्षण संघानं मॉरिशसच्या या वटवाघळाला २०१८ मध्ये ‘संकटग्रस्त’ प्राण्यांच्या यादीत टाकलं. त्याआधी ते एक पायरी कमी धोक्याच्या यादीत होतं.

इतकी मारली, मग फळ वाढलं का?

बागायतदाराच्या दृष्टीनं खरा प्रश्न हाच. मॉरिशस विद्यापीठाचे व्हिन्सेंट फ्लोरेन्स आणि तिथल्या वनस्पती संग्रहालयाच्या क्लॉडिया बैदर यांनी मोहिमांच्या आधीचे आणि नंतरचे आकडे तपासले. त्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष सरळ होता : वटवाघळं मारून फळउत्पादकांचा फायदा वाढला नाही.

असं का झालं असेल? कारणं कुठल्याही बागायतदाराला पटतील अशी आहेत.

पहिलं कारण, सगळं नुकसान वटवाघळाचं नसतं. मॉरिशसमध्ये पक्षीही फळं खातात, उंदीरही खातात. गंमत म्हणजे तिथं लिचीवर टोच मारणाऱ्या पक्ष्यांत आपल्याकडचा हिरवा पोपट आणि शिपाई बुलबुल हेही आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माणसानंच ते तिथं नेले आणि ते सुटून वाढले. शिवाय वाऱ्यानं गळलेलं, पावसानं चिरलेलं, झाडावरच सडलेलं फळ असतंच. पण रात्रीचा चोर डोळ्याला दिसतो, म्हणून सगळा आळ त्याच्यावर येतो.

दुसरं कारण, फळाचा बहर हवामानावर चालतो. एखाद्या वर्षी मोहोरच कमी आला किंवा वादळ झालं, तर वटवाघळं असोत की नसोत, माल कमीच निघणार.

तिसरं कारण, वटवाघूळ एका बागेचं नसतं. एका रात्रीत ते कितीतरी किलोमीटर फिरतं. एका गावातली मारली तरी दुसरीकडची पिकलेल्या झाडावर येतात. पिकलेलं फळ उघडं आहे तोवर खाणारा येणारच.

चौथं कारण सगळ्यात महत्त्वाचं. ज्या जंगलात त्यांचं पोट भरायला हवं, त्या जंगलाची तब्येत सुधारलीच नाही. उलट जंगल पेरणारा गडीच कमी झाला. पुढच्या काळात जंगलात फळं आणखी कमी, म्हणजे बागेवर भार आणखी जास्त.

दुसऱ्या बाजूनं जाळीचा हिशेब मात्र जमला. ज्या बागांत झाडं बुटकी ठेवून नीट जाळी टाकली, तिथं नुकसान खूप घटलं. उंच, जुन्या, जाळी न पोहोचणाऱ्या झाडांचं नुकसान जास्त राहिलं. मॉरिशस सरकारनं जाळीसाठी अनुदानही सुरू केलं. बंदुकीला जमलं नाही ते जाळीला जमलं.

तरुण पोरापोरींनी काय केलं

या भांडणात तिथल्या विद्यापीठातले विद्यार्थी, नव्यानं शिकून आलेले संशोधक आणि ‘मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन’ या १९८४ मध्ये सुरू झालेल्या संस्थेतले तरुण कार्यकर्ते उतरले. त्यांनी मारू नका असं नुसतं सांगितलं नाही. वटवाघूळ जातं कुठं, खातं काय आणि जंगल सुधारलं तर फरक पडतो का, हे मोजायला घेतलं.

पहिलं काम, पाठलाग. रिझार्ड ओलेक्सी आणि त्याच्या सोबत्यांनी वटवाघळांना उन्हावर चार्ज होणारी छोटी यंत्रं बसवली. मोबाईलच्या टॉवरवरून ती आपली जागा कळवत राहतात. २०१९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वटवाघळं जंगलाच्या एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जातात, मधली शेतं आणि गावं ओलांडतात, हे नकाशावर दिसलं. तुटलेल्या जंगलांना जोडणारा दोरा म्हणजे हे वटवाघूळ.

दुसरं काम, चोथे गोळा करणं. ऐकायला हलकं वाटतं, पण वटवाघळानं काय खाल्लं याचा पुरावा झाडाखालीच असतो. चोथा, विष्ठा, अर्धवट फळं, दातांच्या खुणा. हे सगळं गोळा करून, ओळखून, वहीत मांडलं. त्यातून कळलं की मूळ जंगलातल्या कितीतरी जातींच्या झाडांचं बी पसरवायला हा प्राणी लागतो. मोठाल्या झाडांपैकी तर बरीच त्याच्यावर अवलंबून आहेत.

तिसरं काम, तण. शेतकऱ्याला हे लगेच समजेल. उरलेल्या जंगलात बाहेरून आलेल्या झाडांनी गर्दी केली आहे. तिथं सगळ्यात मोठं तण म्हणजे ‘चिनी पेरू’. लाल, बारीक, चवीला गोड. लोक हौसेनं तोडून खातात, पण त्यानं जंगलात इतकी दाटी केली आहे की मूळ झाडाचं रोप वर येत नाही. आपल्याकडची घाणेरीही तिथं तण आहे. एवढंच काय, भारतातली माधवीची वेलसुद्धा तिथं जाऊन झाडांच्या उरावर बसली आहे.

पिकात तण माजलं की बोंडं कमी लागतात, तसंच जंगलाचं होतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की बाहेरच्या झाडांच्या दाटीत मूळ झाडांना फुलं आणि फळं कमी येतात. मग २०२० मध्ये पुढचा अभ्यास आला. तण काढलेला पट्टा आणि न काढलेला पट्टा यांची तुलना केली. तण काढलेल्या जंगलात वटवाघळाला खायला जास्त आणि चांगलं मिळतं, असं त्यात दिसलं.

म्हणजे गणित असं जुळलं : तण काढा, मूळ झाडाला फळ येईल, वटवाघळाचं पोट जंगलात भरेल, आणि तेच फुकटात पुढची पेरणी करील.

हे काम सोपं नाही. आधी हरणं-डुकरं आत येऊ नयेत म्हणून कुंपण घालायचं, कारण हे प्राणीही बाहेरूनच आणलेले आहेत. मग चिनी पेरू हातानं उपटायचा, मोठी खोडं तोडायची. पुन्हा फुटलं की पुन्हा काढायचं. जंगलातलंच बी गोळा करून रोपवाटिकेत रोपं करायची आणि मोकळ्या झालेल्या जागी लावायची. १९९४ मध्ये झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात असे निवडक पट्टे राखले आहेत. किनाऱ्याजवळच्या ‘इल ओ एग्रेत’ या अवघ्या २६ हेक्टरच्या बेटावर तर तोडीनं उजाड झालेलं आबनुसाचं रान पुन्हा उभं राहत आहे. तिथली मूळ कासवं संपली होती, म्हणून दुसऱ्या बेटावरची मोठी कासवं आणून सोडली. ती आबनुसाची फळं खातात आणि बी पसरवतात.

शंभरच्या आतून वीस हजारांवर

मॉरिशसपासून समुद्रात आणखी साडेपाचशे किलोमीटर पूर्वेला रॉड्रिग्ज नावाचं बेट आहे. फक्त १०८ चौरस किलोमीटरचं. त्याचाच कारभार मॉरिशस देशात येतो. तिथलं सोनेरी वटवाघूळ १९७० च्या दशकात शंभराच्याही आत आलं होतं. जंगल तुटलेलं आणि वरून वादळांचा मार. झाडंच नसली की वादळात आडोसाही नाही आणि नंतर खायलाही नाही.

१९७६ मध्ये प्राणीप्रेमी लेखक जेराल्ड डरेल तिथं गेले. काही वटवाघळं पकडून इंग्लंडजवळच्या जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात नेली आणि तिथं त्यांची पैदास सुरू केली. ही सगळी मेली तर निदान वाण तरी राहावं, असा तो विचार. शेतकरी बियाणं राखून ठेवतो तसंच.

पण नुसत्या पिंजऱ्यात राखून भागलं नाही. खरं काम बेटावर झालं. शाळाशाळांत जाऊन मुलांना सांगितलं गेलं. गावकऱ्यांना सोबत घेऊन मोजणी होऊ लागली. ‘ग्रांद मोंताग्न’सारख्या राखीव जागांत तण काढून मूळ झाडं लावली. मधे २००३ च्या कालुंदे वादळात पुन्हा फटका बसला, तरी संख्या सावरली. २०१६ च्या सुमारास ती वीस हजारांच्या घरात गेली. २०१७ मध्ये या वटवाघळाला ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून एक पायरी खाली आणलं गेलं.

याच बेटावर १९८० च्या सुमारास एका शाळकरी मुलानं मास्तरांनी दाखवलेल्या जुन्या चित्रावरून एक झुडूप ओळखलं. ते जगातून संपलं असं सगळे धरून चालले होते. ‘काफे मारों’ हे त्याचं नाव. त्या एका झुडपाच्या काड्या पुढं लंडनजवळच्या क्यू बागेत नेल्या आणि वाण वाचलं. शिकवणारा आणि पाहणारा असला की गावातला पोरगाही शास्त्रज्ञाचं काम करतो.

आफ्रिका आणि मादागास्करच्या मधल्या कोमोरो बेटांवर आणखी वेगळी वाट काढली आहे. तिथल्या एका दुर्मिळ मोठ्या वटवाघळाची संख्या हजार-दीड हजारांच्या आसपास आहे. ही वटवाघळं ज्या झाडांवर राहतात ती झाडं बऱ्याचदा शेतकऱ्यांच्या जमिनीत. ‘दाहारी’ ही तिथली संस्था त्या शेतकऱ्यांशी करार करते. झाड राखायचं आणि त्याचा मोबदला शेतकऱ्याला मिळायचा. शेतकऱ्याला दोष देण्यापेक्षा त्याला भागीदार करणं बरं, हे त्यांनी ओळखलं.

आता आपल्या वऱ्हाडाचं

अकोला हे काही बेट नाही. पण जुना वड, चिंचेची रांग, देवराई, नदीकाठची झाडं यांच्याकडं वरून पाहिलं तर कपाशी-सोयाबीनच्या समुद्रातली ती छोटी बेटंच आहेत. रस्ते रुंद करताना जुनी झाडं गेलेली सगळ्यांनी पाहिली आहेत. धुऱ्यावरचं उंबर, मोह, जांभूळ गेलं की वटवाघूळ पेरूच्या बागेत येणारच. मॉरिशसची गोष्ट इथं छोट्या प्रमाणात चालू आहे.

आपल्याकडचं मोठं वटवाघूळ मॉरिशसच्या वटवाघळापेक्षा मोठं. वजन किलोच्या वर जातं, पंख पसरले की चार फुटांहून जास्त. वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, कडूलिंब यांची फळं ते खातं. मोहाच्या आणि सावरीच्या फुलांवर येतं, परागीभवन करतं. मेळघाटात मोहावर किती घरं चालतात, हे वेगळं सांगायला नको.

कायदाही बदलला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळांची गणती उंदीर आणि कावळ्यासोबत ‘उपद्रवी’ प्राण्यांत होती. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. ती उपद्रवी प्राण्यांची यादीच काढून टाकली आणि मोठं वटवाघूळ दुसऱ्या अनुसूचीत आलं. म्हणजे आता ते मारणं हा गुन्हा आहे. त्याचं तेल किंवा मांस औषधी असतं या समजुतीवर शिकार करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

आणि सगळी वाघळं फळ खात नाहीत. जुन्या शहरात मोर्णेच्या काठावर असदगड किल्ल्याचे बुरूज आहेत, जुने वाडे आहेत. अशा पडक्या भिंतींच्या फटीत राहणाऱ्या बारक्या चामचिडी किडे खातात. रात्री उडणारे पतंग हे त्यांचं मुख्य खाणं. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात कपाशीच्या आठ तालुक्यांएवढ्या भागात २००६ मध्ये हिशेब मांडला गेला. तिथली चामचिडी बोंडअळीचे पतंग खाऊन शेतकऱ्यांचं वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलरचं काम करतात, असा अंदाज निघाला. टेक्सासची ती अळी आपल्या हिरव्या बोंडअळीची चुलत बहीण. कपाशीवाल्या अकोल्यात चामचिडीला धूर देऊन हाकलण्याआधी हा हिशेब आठवावा.

जंगलातल्या तणाचं कामही आपल्याकडं नवं नाही. मेळघाटात गावं उठून गेलेल्या जागी घाणेरी आणि इतर तण काढून मूळ गवतं वाढवण्याचं काम वनविभागानं केलं आहे. गवततज्ज्ञ डॉ. गजानन मुरतकर यांचं त्यात मोठं मार्गदर्शन आहे. गवतासाठी जे जमलं ते उंबर-जांभळासाठीही जमू शकतं. कृषी विद्यापीठात आणि कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींना तर यात मोठं काम आहे. झाडाखाली एक जुनी चादर अंथरायची, पडलेले चोथे-बिया रोज मोजायच्या, किती फळं वटवाघळानं खाल्ली, किती पोपटानं, किती नुसतीच गळाली, ते लिहायचं. एवढ्यावर गावाचा वाद मिटू शकतो.

बागायतदारांनी काय करावं

- झाड छाटणी करून बुटकं ठेवा. जाळी झाडावर पोहोचली पाहिजे.
- जाळी बारीक भोकाची घ्या. करंगळी आत जात असेल तर भोक मोठं आहे. पातळ नायलॉनची ढिली जाळी टाकू नका, त्यात पक्षी, साप, वटवाघळं अडकून मरतात.
- जाळी ताणून, शक्यतो बांबूच्या किंवा पाइपच्या सांगाड्यावर टाका. फळाला चिकटलेली जाळी कामाची नाही, वटवाघूळ वरूनच चावतं.
- मोजकी झाडं असतील तर सीताफळ, पेरूला कागदी किंवा कापडी पिशव्या बांधा. केळीच्या घडाला झाकण घाला.
- तोडणी वेळेवर करा. झाडावर पिकवत ठेवलेलं फळ हे सगळ्यांना आमंत्रण असतं.
- धुऱ्यावर, नाल्याकाठी, ई-क्लास जमिनीत उंबर, जांभूळ, वड, पिंपळ, मोह लावा. बागेपासून थोडं लांब. ही लगेच फळणारी झाडं नाहीत, म्हणून आधी असलेली जुनी झाडं तोडू नका.
- वटवाघळांच्या वस्तीच्या झाडाखाली फटाके फोडू नका, जाळ करू नका. ती पळतात आणि दुसऱ्याच्या बागेत जातात.

आजाराची भीती किती खरी

निपाहच्या बातम्या आल्या की वटवाघळांवर राग निघतो. भारतात निपाहचे रुग्ण आजवर प्रामुख्यानं पश्चिम बंगाल आणि केरळात आढळले. महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांमध्ये या विषाणूच्या खुणा मिळाल्या होत्या. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून काळजी घ्यायची, पण घाबरून मारायचं नाही. मारताना आणि हाताळतानाच माणसाचा संबंध जास्त येतो.

काळजी साधी आहे. दात लागलेलं, कुरतडलेलं फळ खाऊ नये, जनावरालाही घालू नये. खाली पडलेलं चांगलं फळ धुऊन, सोलून खावं. शिंदीचा रस काढत असाल तर मडकं झाकावं. जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला उघड्या हातानं शिवू नये, पोरांना तर अजिबात शिवू देऊ नये. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्यानं धुवावी आणि लगेच सरकारी दवाखान्यात जावं. वटवाघूळ जखमी दिसलं तर वनविभागाला १९२६ या नंबरवर कळवावं.

मॉरिशसनं पुन्हा पुन्हा बंदूक उचलली आणि तरी पुढच्या हंगामात लिचीवर जाळीच टाकावी लागली. आपल्याकडं अजून जुने वड उभे आहेत. जाळीचा खर्च एका बागेचा, वडाचा फायदा सगळ्या शिवाराचा. पुढच्या ग्रामसभेत झाडं लावण्याचा विषय निघाला, तर त्यात शोभेच्या झाडांऐवजी उंबर आणि जांभळाचं नाव घाला. पाणी पहिली दोन-तीन वर्षं माणसानं घालावं, पुढचं बी पसरवायला वाघळं आहेतच.